मैदानाला कुलूप, अंगणवाडीला अर्धा दिवस : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, माननीय महिला व बालविकास मंत्री आणि गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या पंचायतीने यंदा एक ठराव केला. संध्याकाळी सातनंतर मैदानाचे फाटक बंद, मैदानावरचे दिवे बंद आणि रस्त्याच्या वळणांवर कॅमेरे. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे. चार पोरांनी एकाच्या दारातली मोटारसायकल रात्री नेली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि व्हाळाच्या कडेला टाकून दिली. त्याआधी एका गाड्यावरून पैसे गेले होते, बारच्या मागे मारामारी झाली होती. ग्रामसभेत लोक चिडले होते आणि त्यांचा राग रास्त होता. हप्त्यावर घेतलेली गाडी दारातून गेली की माणसाची झोप उडते.

मी उठून विचारले, कुलूप लावाल, कॅमेरे लावाल, पण या पोरांशी बोलणार कोण? सरपंच मला मान देतात. त्यांनी सरळ उत्तर दिले, "बाई, ते आमच्या हातात नाही. तसा माणूसच आम्हांला सरकारने दिलेला नाही." ते खरे बोलले. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड लिहिते आहे.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्या चौघांपैकी तिघांना पहिलीत मीच अक्षरे गिरवायला लावली. त्यांची नावे लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी ती लिहिली नसती. पण ती मुले कशी वाढली ते मी जवळून पाहिले आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या बिघडलेल्या पोरांचा प्रश्न आणि दोन-तीन वर्षांच्या बाळांना सांभाळण्याचा प्रश्न सरकारदरबारी दोन वेगळ्या फायलींत असतात. आमच्या वाड्यावर ते दोन्ही एकाच घरात आहेत. एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते पटवून देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये बंदी उठली, काम थोडेफार सुरू झाले, तोवर ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प. खाणींत बेकायदा काय चालले होते यावर न्यायालये बोलली आहेत, त्या वादात मी जात नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथल्या घरांत पुढे काय झाले ते सांगते. खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र चालूच. बाप घरी बसला. कुणी सावरला, कुणी दारूला लागला, कुणी मिळेल ते काम करायला किनाऱ्याकडे गेला आणि आठवड्यातून एकदा घरी येऊ लागला. ज्या बायकांनी तोवर घर, गुरे आणि कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग सांभाळली होती, त्या कारखान्यांच्या बसमध्ये बसून कुंडईला, पिळर्णला, वेर्ण्याला जाऊ लागल्या.

२००९-१० च्या सुमारास जन्मलेले मूल तेव्हा दोन-तीन वर्षांचे होते. तेच आज पंधरा-सोळा वर्षांचे आहे. ट्रकमालकांना सरकारने मदत दिली, कर्जासाठी योजना आणली. ती गरजेची होती, मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्या घरातल्या दोन वर्षांच्या पोराचे दिवसभर काय होते आहे, याची विचारपूस करायला कुणी आले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्वच्छ लिहिले आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. गोव्याने हे धोरण पायाभूत स्तरापासून राबवायला घेतले आहे. मग या मुलांची ती सहा वर्षे कुणाच्या भरवशावर गेली, हा प्रश्न मी आपल्यालाच विचारणार.

पहिली तक्रार अंगणवाडीच्या वेळेची.

आमच्या वाड्यावरची अंगणवाडी म्हणजे एक खोली. कोपऱ्यात गॅस, मुलांनी तिकडे जाऊ नये म्हणून पुढे आडवा घातलेला बाक. तुळईला टांगलेला वजनकाटा. भिंतीवर सेविकेने स्वतःच्या हाताने रंगवलेला आंबा, अननस आणि मोर. एक मूल तिच्या मांडीवर असते, दुसरे पदर ओढत असते, आणि ती फोनवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी भरत असते. रेंज गेली की फोन घेऊन पायरीवर जाऊन उभी राहते, नजर आत. या बाईला मानधन मिळते, पगार नाही. तिच्याकडून आम्ही पोषण, लसीकरण, वजन-उंची, सर्वेक्षण आणि शाळापूर्व शिक्षण एवढ्या सगळ्याची अपेक्षा करतो, आणि दुपार झाली की खोलीला कुलूप लागते.

तिथे अडीच वर्षांची एक मुलगी येते. तिची आई औषधांच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे सव्वापाचला बस नाक्यावर येते आणि दुपारी तीनच्या पुढे परत सोडते. बाप मजुरीला. आजी गेल्या वर्षी वारली. अंगणवाडी सुटली की या मुलीला घ्यायला तिची थोरली बहीण येते. थोरली बारा वर्षांची आहे. तिची शाळा तेव्हा सुटलेली नसते. मी चौकशी केली तेव्हा कळले की आईच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर वर्गात तिची जागा रिकामी असते. बाईंनी विचारले तर पोटात दुखते म्हणून सांगते. धाकटीला सांभाळता सांभाळता थोरलीची शाळा सुटत चालली आहे, आणि उद्या ती नापास झाली की आपण म्हणणार, अभ्यासात लक्ष नव्हते.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अर्ध्या दिवसाची अंगणवाडी चालते ती घरी आई किंवा आजी आहे असे धरून. आमच्या तालुक्यातली घरे आता तशी राहिलेली नाहीत. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्यासाठी केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे. ती आमच्या वाड्यापर्यंत पोचलेली नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. मी ज्या ज्या कामगार आयांना विचारले, त्यांच्यातल्या एकीलाही हा हक्क आपल्याला आहे हे ठाऊक नव्हते. ठेकेदाराकडच्या बायकांना तर विचारायचीही भीती वाटते, कारण उद्यापासून येऊ नको म्हणायला कागद लागत नाही. बांधकामावरच्या बायकांचे हाल याहून वाईट. पेडण्यापासून मडगावपर्यंत इमारती उठताहेत, आणि उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून आलेल्यांची बाळे रेतीच्या ढिगावर खेळताहेत. त्यांच्यासाठी कोणती अंगणवाडी, हे ठेकेदाराला ठाऊक नसते आणि आईला विचारायला भाषा नसते.

दुसरी तक्रार, पैसे वाटण्याला आपण सेवा समजता ही. गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे दीड हजार महिन्याला येतात, अनेक घरांत त्यावर तेल-मीठ येते, ते बंद करा असे मी म्हणत नाही. लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख मुलगी मोठी झाल्यावर मिळतात. पण त्या मुलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुपारी दोन वाजता तिला भरवायला, झोपवायला, तिच्याशी बोलायला माणूस हवा होता. तो दीड हजारांत भाड्याने मिळत नाही, आणि एका बाईच्या पैशात अशी सोय उभीही राहत नाही. ती सरकारलाच उभी करावी लागते.

तिसरी तक्रार शाळा सुटलेल्या मुलांची. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले नववीत सुटतात. नापास झाला, पुन्हा त्याच वर्गात धाकट्या मुलांबरोबर बसायची लाज वाटली, आठवडाभर गेला नाही, मग गेलाच नाही. मोटारसायकल नेणाऱ्या पोरांपैकी एकाचे असेच झाले. पहिलीत त्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुबक होते, हे मी आजही सांगेन. तिसरीत वडिलांचे घरातले ओरडणे सुरू झाले आणि पोरगा वर्गात खिडकीकडे बघत बसू लागला. नववी सुटल्यावर हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये भांडी घासायला गेला. पावसाळ्यात शॅक बंद, हातात मोबाईल, मोबाईलवर जुगार, उधारी, आणि उधारी फेडायला जे सुचले ते.

शाळांत समुपदेशक नेमले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. एकेकाकडे अनेक शाळा असतात, तरी पुष्कळ जण जीव ओतून काम करतात. पण समुपदेशक शाळेत येतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तो पोरगा शाळेत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पडलेल्या मुलाचा कुणीच वाली नाही. आजार म्हणून त्याच्याकडे बघायचे ठरवले तर बांबोळीचे मानसोपचार रुग्णालय गाठायचे. डिचोलीहून पणजी आणि पणजीहून पुढे दुसरी बस, आईची दिवसाची मजुरी बुडाली, आणि सोळा वर्षांचा पोरगा म्हणतो, मी वेडा आहे का? तो येत नाही. १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावता येतो, मुलांसाठीची १०९८ आहे. फोन उचलणारा माणूस धीर देतो. फोन ठेवल्यावर त्या घराची कडी वाजवणारे तालुक्यात कुणी तरी असायला हवे.

चौथी तक्रार पोलीस ठाण्यात मी डोळ्यांनी पाहिली. कोणते ठाणे ते लिहीत नाही, कारण बदली एका हवालदाराची होईल आणि पद्धत तीच राहील. त्या पोराची आई रात्री माझ्या दारात आली, "बाई, चला हो माझ्यासोबत, ते सही करा म्हणतात." आम्ही पोचलो तेव्हा मुलगा मोठ्या आरोपींच्याच बाकावर बसला होता, अनवाणी. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला एक शब्द ऐकवून जात होता. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, असे मी विचारले. ज्याला विचारले त्याने दुसऱ्याकडे पाहिले. आईपुढे ठेवलेला कागद इंग्रजीत होता. ती मराठी चौथी शिकलेली. मी वाचून सांगेपर्यंत तिला थांबूही देत नव्हते.

२०१५ चा बाल न्याय कायदा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे, आपल्यातले अनेक जण वकील आहेत. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचे असते. परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा असतो. आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. मंडळ त्याला समज देऊन घरी सोडू शकते, गट-समुपदेशनाला पाठवू शकते, देखरेखीखाली सामाजिक सेवा करायला सांगू शकते. हे वाचताना मला बरे वाटले होते. मग मी शोधायला लागले की आमच्या तालुक्यात ही सामाजिक सेवा करून घेणारी, पोराला आठवड्यातून दोनदा बोलावणारी, तो आला नाही तर घरी जाऊन पाहणारी जागा कुठे आहे. मला ती सापडली नाही. मग कायद्यातला चांगला पर्याय कागदावर राहतो, आणि मुलगा एक तर मेरशीच्या निरीक्षणगृहात जातो, नाही तर काहीही न होता त्याच नाक्यावर परत येतो. आमचा पोरगा परत आला. तारखेला आईने कामावर दांडी मारली, पगार कापला गेला. गावात त्याला 'चोर' हे नाव पडले, आणि आता त्याच्याशी बोलतात ते फक्त त्याला तिथवर नेणारेच.

गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतःचा कायदा केला, पणजीत मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे. हे राज्य मुलांचा विचार करू शकते हे त्यावरून दिसते. म्हणूनच तालुक्यातली ही पोकळी मला सहन होत नाही.

मला दोन उत्तरे नेहमी ऐकवली जातात. पहिले, आईबापांनी लक्ष द्यायला नको का? द्यायला हवे. पण पहाटे पाचला घर सोडणाऱ्या आईने कोणत्या वेळी लक्ष द्यायचे, हे सांगणाऱ्याने तिच्याबरोबर एक आठवडा काढून पाहावा. दुसरे उत्तर, जागा नाही, माणसे नाहीत. जागा आहे. पट घटला म्हणून बंद झालेल्या सरकारी मराठी शाळांच्या इमारती गावोगाव पडून आहेत. कौले फुटली आहेत, पण भिंती धड आहेत, विहीर आहे, अंगण आहे. त्यांतल्या एकीत मी शिकवले आहे आणि तिच्या व्हरांड्यात आज कुणी लाकडे रचतो. माणसेही आहेत. समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली आमचीच मुले-मुली कंत्राटावर सहा महिने इथे, सहा महिने तिथे करताहेत. त्यांना एका तालुक्यात पाच वर्षे टिकू द्या. बिघडलेला पोरगा पहिल्या भेटीत काहीच बोलत नाही, त्याला तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसावा लागतो.

आमच्या मागण्या अशा.

औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांत आधी सुरुवात करून, प्रत्येक तालुक्यात काही अंगणवाड्या संध्याकाळी सहापर्यंत चालणाऱ्या पाळणाघरासह चालवाव्यात. त्यासाठी वेगळी प्रशिक्षित माणसे नेमावीत, आहे त्याच सेविकेच्या डोक्यावर आणखी चार तास टाकू नयेत. सहा महिन्यांपासूनच्या बाळांना तिथे घ्यावे. बंद शाळांच्या इमारती दुरुस्त करून याच कामाला द्याव्यात, दुसऱ्या कोणत्याही कामाला देण्याआधी.

५० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात आणि हॉटेलात पाळणाघराची सोय आहे की नाही याची तपासणी करून यादी जाहीर करावी, ठेकेदाराचे कामगार धरून. बांधकामाच्या जागांवर फिरते पथक जावे.

अंगणवाडीतून पहिलीत जाताना मुलाची माहिती शिक्षकाच्या हातात जावी. तीन वर्षांचे मूल बोलत नाही, दचकते, मारते, हे सेविकेला दिसलेले असते. तिने ते सांगितल्यावर तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून महिनाभरात कुणी तरी त्या मुलाला पाहिलेच पाहिजे.

प्रत्येक तालुक्यात युवकांसाठी एक उघडे केंद्र हवे, पोलिसांच्या ताब्याबाहेरचे, रात्री नऊपर्यंत चालणारे. तिथे एक कायम समुपदेशक आणि घरोघर जाणारे दोन समाजकार्यकर्ते हवेत. खेळ हवा, नववीत सुटलेल्यांना मुक्त विद्यालयातून दहावी करता येईल असा वर्ग हवा, गॅरेज, वायरमन, स्वयंपाक अशा कामांची ओळख हवी. बाल न्याय मंडळाने सामाजिक सेवेसाठी पाठवलेली मुले इथेच यावीत. तोवर पंचायतींनी मैदाने रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावीत अशी सूचना सरकारने काढावी. आमच्या पंचायतीला मी लेखी दिले आहे, मी आणि आणखी दोन निवृत्त शिक्षक तिथे रोज बसायला तयार आहोत.

प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव आणि फोन मराठीत व कोकणीत लिहावा. मुलाच्या पालकाकडून घेतला जाणारा प्रत्येक कागद त्याला वाचता येणाऱ्या भाषेत असावा.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत गरजू घरातल्या मुलाला महिन्याला ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. आमच्या गावात ते कुणालाही ठाऊक नव्हते. त्याचे अर्ज अंगणवाडीत आणि पंचायतीत मिळावेत आणि भरायला मदत मिळावी.

येत्या अधिवेशनात आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या मतदारसंघापुरते तरी तीन आकडे मागावेत : दुपारनंतर उघड्या असलेल्या अंगणवाड्या किती, शाळाबाह्य मुलांपर्यंत पोचणारे समुपदेशक किती, आणि मंडळापुढे गेलेल्या किती मुलांच्या घरी त्यानंतर सरकारचे माणूस गेले. आकडे शून्य असतील तर शून्य म्हणून सांगावेत. कोणते काम कधी सुरू होणार, कोणता अधिकारी त्याला जबाबदार, हे लेखी कळवावे. ते उत्तर मराठीत किंवा कोकणीत द्यावे, म्हणजे ज्या आयांसाठी हे मागते आहे त्यांना ते माझ्याकडून वाचून घ्यावे लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली तालुका, गोवा